चेक आत्ता कुठे आहे?

बँकेत त्यांना सगळे कलमराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. कुणी काहीही विचारलं की ते आधी नियमाचं कलम सांगत आणि मग उत्तर देत, त्यावरून एका शिपायानं हे नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की घरी फोन आला तरी पलीकडून "कलमराव आहेत का?" असंच विचारलं जाई. बायकोला सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे त्यांनी जेवताना जरा तोंड वाकडं केलं की तीच विचारायची, "कुठल्या कलमाखाली तक्रार आहे?"

माणूस सरळ होता. बँकेची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. बत्तीस वर्षं एकाच शाखेत काढली आणि त्यातली एकोणीस चार नंबरच्या खिडकीवर. या खिडकीवर चेकची कामं चालत. चेक पास करणं, कुणी अर्ज दिला तर चेक थांबवणं आणि चेकवर शिक्का मारून देणं.

हा शिक्का म्हणजे काय, ते सांगायला हवं. साध्या चेकवर शब्द असतो तो लिहिणाऱ्याचा. खात्यात पैसे असले तर चेक वटतो, नसले तर परत येतो. घेणाऱ्याला एवढा भरवसा पुरला नाही की तो म्हणतो, बँकेकडून पक्का करून आणा. मग कलमराव त्या माणसाचं खातं बघत, तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवत, चेकवर जांभळ्या शाईचा शिक्का उमटवत आणि खाली सही करत. तिथून पुढे शब्द बँकेचा. साधा चेक दिल्यावरही मन फिरलं तर एका अर्जानं थांबवता येतो. शिक्क्याचा चेक एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की लिहिणाऱ्यानं डोकं आपटलं तरी थांबत नाही. हरवला तरी पैसे लगेच परत मिळत नाहीत. लेखी द्यायचं आणि तीन महिने वाट बघायची. कलमरावांना हा नियम फार आवडे. जगात एक तरी गोष्ट अशी आहे, की जी दिली म्हणजे दिली, असं ते म्हणत.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय, त्या दिवशी सकाळी एक लाकडाचा व्यापारी खिडकीवर आला. उंच, आडदांड, आवाज असा की रांगेतल्या म्हाताऱ्या दचकल्या. त्यानं कुणाला तरी शिक्क्याचा चेक दिला होता आणि आलेलं लाकूड ओलं निघालं होतं. चेक थांबवा म्हणून तो हटून बसला.

"माझं खातं, माझे पैसे, माझी सही!" तो ओरडला.

"आणि शिक्का बँकेचा," कलमराव शांतपणे म्हणाले. "कलम अकरा. चेक तुम्ही त्यांना दिलात. आता बँक बांधलेली आहे."

अर्धा तास हा तमाशा चालला. व्यापाऱ्यानं खाती बंद करण्याची धमकी दिली, वरपर्यंत ओळख असल्याचं सांगितलं, शेवटी टेबलावर हात आपटला. कलमराव तसूभर हलले नाहीत. तो गेल्यावर मॅनेजर केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात बँकेचा माणूस." एरवी मॅनेजर कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत. कलमराव लाजले, पण दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वावरत राहिले.

दुपारी खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना इस्त्रीवाल्या बाई आल्या.

या बाई त्यांच्या चांगल्या ओळखीच्या. बँकेच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं. नवरा घरोघर जाऊन कपडे गोळा करी आणि बाई इस्त्री करीत. अर्ध्या बँकेचे शर्ट तिथंच जात, कलमरावांचेही. जिन्याखाली ताठ उभं राहायला जागा नव्हती. मान वाकवून वाकवून बाईंना पोक आलं होतं. अकरा वर्षं पोटाला चिमटा काढून दोघांनी पैसे साठवले, आणि गल्लीच्या तोंडाशी एक लहानसा गाळा विकायला निघाला तेव्हा तो घ्यायचं ठरवलं. गाळ्याचा मालक म्हणाला, मला बँकेच्या शिक्क्याचा चेक हवा. आदल्याच दिवशी कलमरावांनी तो शिक्का मारून दिला होता. "आता ताठ उभं राहून इस्त्री करा, ताई," असंही म्हणाले होते, आणि बाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

आता त्या धापा टाकत आल्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"साहेब, कालचा तो चेक थांबवायचाय."

कलमराव दिवसभराच्या चेकांची जुळणी करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "शिक्क्याचा?"

"हो. त्या गाळेवाल्याबद्दल जरा ऐकलंय. त्यानं म्हणे आधीच कुणाकडून तरी..."

"ताई, शिक्क्याचा चेक थांबत नाही."

"पण मला शंका येतेय, साहेब."

"शंका येऊ दे नाहीतर खात्री होऊ दे. बँकेनं शब्द दिला. काल शिक्का मारला त्याच वेळी ते पैसे तुमच्या खात्यातून निघाले. आता ते तुमचे नाहीत."

"माझे नाहीत?"

"नाहीत."

"मग आता काहीच करता येणार नाही?"

सकाळी व्यापाऱ्यासमोर जो आवाज लागला होता, तोच कलमरावांना आताही लागला. जरा मोठ्यानंच ते म्हणाले, "काहीही नाही. विचार काल करायचा होता."

रांगेतल्या दोघातिघांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. कलमरावांनी खिडकी ओढून घेतली. जुळणी पहिल्या फटक्यात जमली. खुशीत घरी गेले.

पुढं झालं ते असं. बाईंना गाळ्याची किल्ली मिळाली, कुलूपही उघडलं. टेबल आत नेलं, भिंतीला चुना लावला. आठव्या दिवशी एक माणूस कागद घेऊन दारात उभा राहिला. गाळा त्यानं महिनाभर आधीच विकत घेतला होता आणि त्याचे कागद पक्के होते. एकच गाळा दोघांना विकून मालक परागंदा झाला होता. पोलीस झाले, वकील झाले, त्यात उरलंसुरलंही गेलं. टेबल पुन्हा जिन्याखाली आलं.

तीन महिन्यांनी बाई पासबुक भरून घ्यायला बँकेत आल्या. त्या दिवशी गर्दी नव्हती आणि पासबुकाचं कामही कलमरावांकडेच होतं. कलमरावांनीच विषय काढला. बातमी त्यांच्या कानावर आली होती.

"वाईट झालं, ताई."

"नशीब, साहेब. दुसरं काय." बाईंनी पासबुक पुढे केलं. "तुम्ही सांगितलंत की पैसे गेलेच म्हणून. मग म्हटलं, पैसे गेलेच आहेत तर निदान किल्ली तरी हाती येऊ दे. म्हणून संध्याकाळी जाऊन त्याला चेक देऊन आले."

कलमराव शिक्का उचलता उचलता थांबले. "कुठल्या संध्याकाळी?"

"तुमच्याकडे आले होते ना, त्याच."

"म्हणजे तुम्ही इथं आलात तेव्हा तो चेक..."

"माझ्याजवळच होता की. पर्समध्ये."

कलम अकरालाच एक पोटकलम होतं. कलमरावांना ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शिक्क्याचा चेक अजून लिहिणाऱ्याच्याच हातात असेल, कुणाला दिलेला नसेल, तर तो परत आणायचा. बँक त्यावर 'रद्द' लिहिते आणि बाजूला काढलेली रक्कम खात्यात परत टाकते. त्याच महिन्यात एका डॉक्टरांचा गाडीचा सौदा फिसकटला होता, तेव्हा कलमरावांनी त्यांचा चेक असाच रद्द करून दिला होता. काम पाच मिनिटांचं. बाईंना फक्त एक प्रश्न विचारायचा होता, की चेक आत्ता कुठे आहे? थांबवता येत नाही हे उत्तर अक्षरशः खरं होतं. काहीही करता येत नाही हे साफ खोटं होतं.

बाई समोर उभ्या होत्या. सांगायचं तर तीच वेळ होती. कलमरावांच्या ओठांवर शब्द आले आणि केबिनच्या काचेतून मॅनेजर दिसले. कलमरावांनी बाईंचं पासबुक बंद केलं, पुढे सरकवलं आणि म्हणाले, "जपून राहा, ताई."

तिसऱ्या दिवशी बायकोनं ओळखलं. जेवणात लक्ष नाही, तक्रार नाही, कलम नाही. खोदून विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर त्या बँकेकडे तक्रार करतील."

"करू देत. बँक काही देईल तरी."

"आणि माझी चौकशी लागेल. मुलाचं शिक्षण चालू आहे. ही वेळ आहे का नोकरी घालवायची?"

"मी तुम्हाला वेळ विचारली नाही," बायको म्हणाली. पण मुलाच्या फीचा आकडा तिलाही पाठ होता. तिनं विषय वाढवला नाही. नंतर तिला याचंही वाईट वाटत राहिलं.

तेव्हापासून कलमरावांना एक सवय लागली. चेकचं कसलंही काम घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न, "चेक आत्ता कुठे आहे?" तिथून पुढे बोलणं. सहकाऱ्यांना ही गंमत झाली. कलमरावांना घड्याळात किती वाजले विचारलं तरी ते आधी चेक कुठे आहे विचारतील, असं म्हणून पोटभर हसत. या प्रश्नानं चारपाच माणसं वाचलीही. एका निवृत्त मास्तरांचा चेक असाच खिशातून निघाला, रद्द झाला, आणि मास्तरांनी खिडकीतून हात घालून त्यांचा हात दाबला. "देवमाणूस आहात," म्हणाले. कलमरावांनी हात सोडवून घेतला आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

दुसरी सवय कपड्यांची. शर्ट तर जातच, आता चादरी जाऊ लागल्या, उशांचे अभ्रे जाऊ लागले. पैसे देताना ते सुटे नाहीत म्हणून मोठी नोट पुढे करत, आणि बाई दर वेळी शेजारच्या दुकानातून मोडून आणून पै न् पै परत देत. एकदा त्यांनी टॉवेल बांधायला घेतले तेव्हा बायको दारात आडवी उभी राहिली.

"टॉवेलला इस्त्री केली की पाप फिटतं, हे कुठल्या कलमात आहे?"

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं.

वर्षं गेली. मुलगा शिकला, नोकरीला लागला, दूर गेला. बाईंचा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. कलमराव भेटायला गेले, गर्दीत दाराशी उभे राहिले आणि न बोलता परतले. मग त्यांचा निवृत्तीचा दिवस आला. बँकेत छोटा समारंभ झाला. जुने मॅनेजर खास आले होते. त्यांनी भाषणात लाकडाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. "हात आपटला त्यानं टेबलावर, पण आमचा कलमराव हलला नाही!" टाळ्या पडल्या. कलमराव हातातल्या बशीकडे बघत बसले. घरी येताना बायको रिक्षात म्हणाली, "आता कुठली नोकरी जायची राहिलीय?"

तरीही पाच महिने गेले. शेवटी एका सकाळी ते दोन शर्ट काखेत मारून जिन्याखाली गेले. बाई एकट्याच होत्या. पोक वाढलं होतं, केस पांढरे झाले होते. कलमरावांनी शर्ट टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, मधे कुठे थांबले तर पुढे बोलता येणार नाही अशा घाईनं.

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं.

"किती वेळ लागला असता?" त्यांनी विचारलं.

"पाच मिनिटं."

"पैसे पडले असते?"

"थोडी फी असते. दोन शर्टांच्या इस्त्रीएवढी."

बाईंची नजर टेबलावरच्या दोन शर्टांवर गेली. मग म्हणाल्या, "म्हणजे ते बरोबर होते."

"कोण?"

"आमचे हे. त्या संध्याकाळी म्हणत होते, चेक आपल्या घरात आहे तोवर पैसेही आपल्याच घरात. आजचा दिवस राहू दे, उद्या बघू. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हाला बँकेतलं काय कळतंय? खुद्द साहेबांनी सांगितलंय. आणि चेक घेऊन निघाले." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "पुढे कधी एका शब्दानं बोलले नाहीत हो ते. मी म्हणालो होतो, असं एकदाही नाही. मला वाटायचं, विसरले असतील."

"ताई, चूक माझी होती. तुमची नाही."

"ते झालंच. पण इतकी वर्षं मी मनाला एकच सांगत आले, की आपल्या हातात काही नव्हतं. तेवढ्यावर काढले दिवस. आज तुम्ही तेही घेऊन चाललात."

कलमरावांना वाटलं होतं, बाई रडतील, शिव्याशाप देतील, कदाचित माफ करतील. या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. याची नव्हती. त्यांनी खिशात हात घातला. "मी पैसे आणलेत. सगळे नाहीत, पण दर महिन्याला..."

"ठेवा ते. आता गाळा घेऊन मी काय करू? गुडघे चालत नाहीत माझे." मग म्हणाल्या, "एक करा. माझ्या मुलीला सांगा हे. पैसे गेले तेव्हा तिचं शिक्षण सुटलं, शिवणाच्या कारखान्यात लागली. बापाचं न ऐकता आईनं हट्टानं पैसे घालवले, असं तिच्या मनात आहे. बोलत नाही, पण येतही नाही फारशी. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे."

रविवारी कलमराव त्या मुलीच्या घरी गेले. दोन खोल्या, नीटनेटक्या. ती आता कारखान्यात शिवणकामावर देखरेख करत होती. पस्तिशीला टेकलेली, आईसारखीच कमी बोलणारी. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घाईत होता, चुकलात. समजू शकते. मीही कामावर लोकांवर वसकन ओरडते. पण तीन महिन्यांनी आई तुमच्यासमोर उभी होती, तेव्हा तर घाई नव्हती?"

"नव्हती."

"मग?"

"भ्यालो."

तिनं मान हलवली. "तेव्हा सांगितलं असतंत तर बँकेनं भरून दिलं असतं?"

"थोडंफार नक्की. माणूस बँकेचा, चूक बँकेच्या खिडकीवरची. फक्त तक्रार वर्षाच्या आत करावी लागते."

"आणि ही मुदत तुम्हाला माहीत होती."

कलमरावांनी आयुष्यभर कलमं सांगितली, पण एवढं जड कुठलंच नव्हतं. "हो," ते म्हणाले. "माहीत होती. ती संपली त्या दिवशी मला जरा हायसंही वाटलं होतं."

हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलगी उठली, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ते निघाले तेव्हा ती वळली नाही. "आलात ते बरं केलंत," एवढंच म्हणाली, आणि त्यात माफी होती की नुसती रीत होती, हे त्यांना कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी बँकेला पत्र लिहिलं. कुठला दिवस, कुठली खिडकी, कुणाची चूक, सगळं स्वच्छ अक्षरात. दीड महिन्यानं उत्तर आलं. इतक्या जुन्या व्यवहाराचे कागद नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आले असल्यानं याबाबत काही करता येत नाही. खाली कुणा नव्या अधिकाऱ्याची सही होती. उत्तर नियमाला धरून होतं, कलमरावांना त्यात खोट काढता आली नाही.

त्यानंतर एकदा ते मागच्या गल्लीतून जात होते, तर जिन्याखाली टेबल नव्हतं. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, मुलगी येऊन आईला घेऊन गेली, आता त्या तिच्याकडेच असतात. कधी गेल्या? झाला महिना. काही निरोप? दुकानदार म्हणाला, निरोप कसला, कुणासाठी?

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मायलेकी एकत्र आल्या, हे तरी चांगलं झालं. जाऊन याल का भेटून एकदा? घर तर माहीत आहे."

कलमराव बराच वेळ चपलेचा पट्टा सोडवत बसले.

"नको," ते म्हणाले. "मी गेलो तर मनात नसलं तरी त्यांना माझ्यासाठी चहा टाकावा लागेल."